विमानातून रेडिओ ऐकावा काय?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांना रेडिओचे जे अप्रूप वाटत आले, त्याचे कारण केवळ गाणी किंवा बातम्या नव्हे. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर गुजराती हा बडोद्यातला क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. मराठी आपण बोलतो ती आपल्या माणसांशी, जाणूनबुजून. परंतु वाटेने जाता जाता सहज कानांवर पडावी अशी मराठी, कोकणातल्या पावसाची, कांद्याच्या भावाची, कोणा अनोळखी माणसाच्या फर्माइशीची, ती मात्र दूरच्या केंद्रावरूनच येत असे. ती आपल्यासाठी बोललेली नसे. म्हणूनच ती ऐकताना आपली भाषा कुठेतरी आपल्यावाचूनही सुखरूप नांदते आहे, असा दिलासा मनाला मिळत असे.

आता दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली कित्येक मराठी घरे विश्वामित्री ओलांडून वासण्याकडे आली आहेत, आणि त्या घरांतली मुले आगगाडीइतक्याच सहजतेने विमानाने ये-जा करू लागली आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या तोंडून एक प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. मोबाइलमधला एफ.एम. रेडिओ विमानात लावला तर मुंबई-पुण्याची केंद्रे ऐकू येतील काय? आणि येत असतील तर ऐकायला हरकत कोणती? प्रश्न कुतूहलाचा आहे, आणि कुतूहलाला नुसते ‘नियमात बसत नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. एफ.एम.च्या लहरी, म्हणजे ८८ ते १०८ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यातल्या, साधारणपणे दृष्टीसारख्या सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजापलीकडचे केंद्र तिच्या फुगवट्याआड दडते. हे क्षितिज किती दूर असते, याचा हिशेब सोपा आहे. कानाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा किलोमीटरांतला. डोळ्याच्या क्षितिजापेक्षा रेडिओचे क्षितिज किंचित दूर असते, कारण हवेत या लहरी थोड्या खाली वाकतात. वासण्यातल्या एखाद्या इमारतीची गच्ची २० मीटर उंच धरली, तर हे क्षितिज भरते जेमतेम १८ किलोमीटर. समोरचा प्रक्षेपणाचा मनोरा १०० मीटर उंच असेल तर त्याचे स्वतःचे ४१ किलोमीटर त्यात मिळवावेत. म्हणजे सारी मजल साठ किलोमीटरांच्या आसपास संपते.

आता तोच कान १०,००० मीटर उंचीवरच्या विमानात नेऊ. वर्गमूळ १००, म्हणून क्षितिज ४१२ किलोमीटर! बडोद्यापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटरांवर आहे. अर्थात आपल्या वासण्याच्या डोक्यावरून तेवढ्या उंचीवर जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने मुंबईचे मनोरे क्षितिजाच्या अलीकडे आलेले असतात. खाली गच्चीवर रेडिओ घेऊन बसलेल्या आजोबांना जे मिळत नाही, ते वर खिडकीपाशी बसलेल्या नातवाच्या आवाक्यात असते. अंतर दोघांनाही सारखेच. फरक केवळ उंचीचा.

तथापि वरून जे ऐकू येते ते सुरेलच असेल, या भ्रमात राहू नये. विमानाचा धातूचा सांगाडा लहरी अडवतो. त्या आत शिरतात त्या मुख्यतः खिडक्यांतून, आणि सुमारे ३ मीटर लांबीच्या लहरीला वीतभर खिडकीतून येताना बराच क्षीणपणा सोसावा लागतो. मुंबईहून बडोद्याकडे येताना डाव्या बाजूला समुद्र आणि सौराष्ट्र असते, तर उजव्या बाजूला सह्याद्री आणि नाशिक-खानदेशाचा प्रदेश. कान कोणत्या बाजूचा, यावरही पुष्कळ अवलंबून राहील. शिवाय एकच आकडा अनेक शहरांना वाटून दिलेला असतो. रेडिओ मिर्चीचे ९८.३ मुंबईत आहे, पुण्यात आहे आणि अहमदाबादेतही आहे. जमिनीवर त्यांची कधी गाठ पडत नाही. सुरतेच्या वर १०,००० मीटरांवर मात्र तिन्ही शहरे क्षितिजाच्या आत येतात आणि एका आसनावर तीन पाहुणे बसू पाहतात. एफ.एम.चा गुणधर्म असा की, दोन आवाजांत जो सबळ तो दुर्बळाला पुरते झाकून टाकतो. त्यामुळे विमान पुढे सरकता सरकता मराठी वाक्य अर्ध्यावर तुटून त्याच जागी गुजराती निवेदन सुरू व्हावे, हे अगदी शक्य आहे. बडोदेकराला तो अनुभव फारसा परका वाटणार नाही!

आता दुसरा प्रश्न: हरकत कोणती? पुष्कळांची समजूत अशी असते की रेडिओ नुसता ऐकतो, बोलत नाही. मग त्याचा कोणाला उपद्रव व्हावा? ही समजूत खरी नाही. जुन्या धाटणीच्या रेडिओत केंद्र पकडण्यासाठी आतल्या आत एक स्वतंत्र लहर निर्माण करावी लागते, आणि एफ.एम. संचात ती सामान्यतः लावलेल्या आकड्यापेक्षा १०.७ मेगॅहर्ट्झने वरची असते. तुम्ही ९८.३ लावले की संचाच्या पोटात १०९.० ची लहर जन्म घेते आणि तिचा काही अंश बाहेर झिरपतो. विमानांना दिशा दाखवणारी आणि उतरताना धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणारी जमिनीवरची यंत्रे १०८ ते ११८ मेगॅहर्ट्झ याच पट्ट्यात बोलतात. म्हणजे ९७.३ पासून १०७.३ पर्यंत कोणतेही केंद्र लावा, तुमच्या संचाची कुजबुज नेमकी वैमानिकाच्या दिशादर्शकाच्या कानाशी लागते. त्याही पुढे काटा सरकवला तर ती वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्या संभाषणाच्या पट्ट्यात शिरते. कुजबुज क्षीण खरी, परंतु दूरच्या मनोऱ्याचा संदेशही विमानापर्यंत क्षीण होऊनच येतो, आणि कुजबुजणारा विमानाच्या पोटातच बसलेला असतो.

ट्रान्झिस्टर खिशात मावू लागले तेव्हाच हा धोका ध्यानात आला, आणि १९६१ साली अमेरिकेत प्रवासी विमानांत एफ.एम. रेडिओ चालवण्यास मनाई झाली. आपल्याकडे नागरी विमानचालन महासंचालनालयाने २०१४ साली ‘फ्लाइट मोड’मध्ये ठेवलेला मोबाइल उड्डाणात वापरण्याची मुभा दिली. पण त्या मुभेत रेडिओही आला, असा सोयीचा अर्थ आपणच लावू नये. कित्येक मोबाइलमध्ये फ्लाइट मोडमध्येही एफ.एम. चालू राहतो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते. आजच्या मोबाइलमधल्या रेडिओची रचना बरीच बदलली आहे आणि त्याची गळती जुन्या संचांहून पुष्कळ कमी असते, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. परंतु आपल्या हातातल्या संचाच्या पोटात काय आहे, हे प्रवाशाला ठाऊक नसते. श्रावणातल्या ढगांतून काट्याकडे पाहत विमान खाली आणणाऱ्या माणसाला तर ते मुळीच ठाऊक नसते. दीडशे जिवांपुढे एका कानाची हौस किती मोठी धरावी, याचा निर्णय ज्याने त्याने मनाशी करावा. आमचे उत्तर ‘ऐकू नये’ असेच आहे.

मग दूरचे ऐकण्याचा हा आनंद सोडूनच द्यावा काय? मुळीच नव्हे. उंचीच हवी असेल तर आपल्या उशाशी पावागड उभा आहे. त्याच्या सुमारे ८०० मीटर उंचीला वरचा हिशेब लावला तर क्षितिज ११६ किलोमीटरांवर जाते. अहमदाबाद तेथून साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, आणि तिथल्या मनोऱ्यांची उंची जमेस धरली तर ते अगदी सहज टप्प्यात येते. सुरत सीमेवर आहे: हवा अनुकूल असली तर लाभेल, नसली तर नाही. या अनिश्चिततेतच छंदाची गोडी आहे.

हवेची अनुकूलता ही काही कविकल्पना नव्हे. उन्हाळ्यात समुद्रावरच्या दमट थंड हवेवर कोरडी उष्ण हवा पसरली, की त्यांच्यामध्ये लहरींसाठी जणू एक पन्हळ तयार होते आणि त्या पृथ्वीच्या वक्रतेसोबत दूरवर वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळच्या रडारवर उन्हाळ्यात हजार मैलांहूनही दूर असलेल्या अरबस्तानातले प्रतिध्वनी उमटले होते. खंभातच्या आखाताजवळ राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी चैत्र-वैशाखातल्या पहाटे रेडिओचा काटा सावकाश फिरवून पाहावा, तो यासाठीच.

आपल्या वडीलमंडळींना तर एवढीही यातायात करावी लागली नाही. बडोदे संस्थानाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. १९४८ साली ते आकाशवाणीत सामील झाले. तरीही रात्री जेवणे आटोपली की काटा मुंबईकडे वळायचा. मध्यम लहरींना दिवसा शोषून घेणारा वातावरणाचा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो, आणि शंभर किलोमीटरांहून वरचे थर त्या लहरींना पुन्हा भूमीकडे परतवतात. त्या काळी उंची माणसाला गाठावी लागत नसे. आकाशच ती उसनी देत असे. आज घरोघरच्या विजेच्या दिव्यांनी आणि चार्जरांनी त्या लहरींत खरखर माजवली आहे, हे खरे. परंतु घरातली सारी वीज-उपकरणे घटकाभर बंद करून जुना संच खिडकीपाशी ठेवला, तर रात्र अजूनही पुष्कळ काही आणून देते.

कोणी म्हणेल, आकाशवाणीची मराठी केंद्रे मोबाइलवर इंटरनेटने स्वच्छ ऐकू येत असता हा खटाटोप कशाला? सोय मोठीच आहे, आणि तिचा लाभ आम्हीही घेतो. पण तिथे आपण मागतो तेच मिळते. दूरच्या लहरींवर जे येते ते न मागता येते. कधी मराठी, कधी सिंधी, कधी ओळखूही न येणारी भाषा. मुलांना पावागडावर न्याल तेव्हा दर्शनाच्या पिशवीत एक लहानसा रेडिओ आणि एक वही असू द्यावी. तारीख, वेळ, आकडा, भाषा आणि आवाज कसा होता, एवढे प्रत्येक केंद्राचे टिपून ठेवावे. वासण्याच्या गच्चीवर त्याच आठवड्यात तसेच टिपण करावे आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून मुलांनाच विचारावे, फरक कशाने पडला? वर्गमूळ कशासाठी शिकायचे, हे मग निराळे सांगावे लागणार नाही. विमानात मात्र खिडकीतून डोळे भरून पाहावे आणि कान मिटून बसावे.