पूर्व दिशा

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाचा तरुण सिगाल ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असतो. वडिलांनी मरतेसमयी तसे सांगितले होते. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, असा अर्थ तथागतांनी त्याला उलगडून दाखविला. (वसतिगृहात वाढलेल्यांना दक्षिण निराळी सांगावयास नको.) पुत्राच्या पाच कर्तव्यांतील पहिले असे, की ज्यांनी आपणांस पोसले त्यांना पोसावे. येथे भावनेपेक्षा कृती मोजली आहे. मेहकर-लोणारकडील आपली मुले नोकरीसाठी पुण्यास जातात. खोलीवर स्वतः स्वयंपाक करू लागल्यावर आईने न मागता वाढलेल्या ज्वारीच्या भाकरीची, वडिलांनी सोयाबीन विकून घेऊन दिलेल्या वह्यापुस्तकांची किंमत त्यांना उमगते. सोंगणीच्या चार दिवसांसाठी रजा काढून गावी येणारेही त्यांत आहेत.