यानात माल कोणता?

मे महिन्यात सावर्ड्याला आलेला मुंबईचा नातू अंगणातल्या चांदण्या सोडून व्हिडिओ गेममधली याने उडवत बसतो. आजोबांना वाटते, पोर वाया चालले! पण अंतराळातला प्रत्येक खेळ नुसता गोळीबाराचा नसतो.

१९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' रचला. गाठीला शंभर क्रेडिट घेऊन निघायचे. ग्रहोग्रही व्यापार करायचा, चाच्यांशी लढायचे, गरगरत्या अवकाशस्थानकात यान अलगद शिरवायचे. चोरटा माल भरलात, तर पोलीस मागे! अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकावर गणिती सूत्रांतून २,०४८ ग्रह उभे राहिले. वाट मात्र खेळणाऱ्यानेच निवडायची.

आजचे कितीतरी खेळ याच कुळातले. म्हणून आजोबांनी रागावण्याआधी शेजारी बसून विचारावे, "बाळा, तुझ्या यानात माल कोणता रे?"