कुलरचा वास

मी कॉन्व्हेंटची. मराठी लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ माझी मजा घेतात, तेव्हा चुकभूल आधीच माफ करा. पण नागपूरचा कुलर इंग्लिशमध्ये समजावता येत नाही हो!

सदरला आमच्या घरी कुलर गच्चीवर आहे. पत्र्याच्या डक्टमधून हवा आजीच्या खोलीत येते. मागच्या एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा सुरू केला आणि खोलीभर ओल्या पोत्यासारखा कुबट वास सुटला. मी हुशारी केली, टाकीत वाळ्याचं सेंट ओतलं. वास दबला, पण रात्री आजीला दम लागला. तिचा दमा जुना आहे. रात्रभर ती उशीला टेकून बसून होती, आणि मी तिच्याजवळ तोंड पाडून.

रविवारी बाबांनी आणि मी डक्ट उघडला. तळाशी ओल्या धुळीचा थर, त्यावर काळी-हिरवी बुरशी. ताट्या मागच्या वर्षीच्याच, काळ्या पडलेल्या.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना फक्त ओल आणि खाणं पाहिजे. ताटीतलं लाकडाचं गवत म्हणजे सेल्युलोज, म्हणजे त्यांचं आयतं जेवण. वाढताना बुरशी जे वायू सोडते, तोच हा कुबट वास. सेंटनं वास झाकला जातो, बुरशी तिथेच राहते. शिवाय दमेकऱ्याला सेंटचाही त्रास होऊ शकतो.

1 लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत कुलर मस्त चालतो. पावसाळ्यात हवाच दमट, ताट्या वाळत नाहीत आणि बुरशीची दिवाळी होते.

आम्ही काय केलं? आधी प्लग काढला. तोंडाला फडकं बांधून डक्टमधली घाण ओल्या कापडानं पुसली, मग साबणाच्या पाण्यानं धुतला. ताट्या नवीन भरल्या. सगळं उन्हात खडखडीत वाळवलं. एक लक्षात ठेवा : ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो.

टाकी नुसती रिकामी करूनही भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी घासायचीच.

होस्टेलवाल्यांनो, एवढं तरी करा. कुलर बंद करताना आधी पंप बंद करा, पंखा अर्धा तास चालू ठेवा. ताट्या वाळतील. आणि रूममध्ये वास आला तर सेंट शोधू नका, ताटी काढून बघा.

आमची आजी आता त्याच खोलीत झोपते. पण कुलर लावला की आधी हुंगते आणि मग मला म्हणते, "आज काही ओतलं नाही ना गं?"