लंडनमधली भारताची खुर्ची

बकिंगहॅम राजवाड्यात नवा परदेशी प्रतिनिधी अधिकारपत्रं सादर करायला निघतो, तेव्हा राजघराण्याची बग्गी त्याला न्यायला येते. फ्रान्सचा किंवा जपानचा राजदूत असेल तर बग्गीला दोन घोडे. भारताचा किंवा केनियाचा उच्चायुक्त असेल तर चार. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूत पाठवत नाहीत, उच्चायुक्त पाठवतात. याचं मूळ साम्राज्यात आहे. राजदूत म्हणजे एका राष्ट्रप्रमुखानं दुसऱ्याकडे पाठवलेला माणूस. कॅनडा आणि इंग्लंड एकाच मुकुटाखाली, मग कोणी कोणाकडे राजदूत पाठवायचा? यावर तोड म्हणून १८८०मध्ये कॅनडानं लंडनला पहिला उच्चायुक्त नेमला.

भारताला हे पद चाळीस वर्षांनी मिळालं, आणि ते मिळालं खरेदीसाठी. हिंदुस्थान सरकारला लागणारं सामान विकत घेणं, तिकडे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे बघणं ही कामं तोवर लंडनचं इंडिया ऑफिस करत होतं. त्या ऑफिसच्या प्रमुखाचा, म्हणजे भारतमंत्र्याचा पगारसुद्धा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायचा! १९१९च्या कायद्यानं तो बोजा ब्रिटिश खजिन्यावर टाकला, आणि १९२०मध्ये खरेदीसारखी कामं नव्या उच्चायुक्ताकडे सोपवली. पहिले उच्चायुक्त सर विल्यम मेयर हे हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य, अर्थात इंग्रज.

त्यांच्यानंतर आले मुंबईचे दादिबा दलाल, शेअर बाजारातले मुरलेले गृहस्थ. १९१९च्या चलन समितीत बाकी सगळे रुपयाचा दर दोन शिलिंगांवर नेऊन बसवत असताना दलालांनी एकट्यानं विरोधी मत लिहिलं होतं. सरकारनं बहुमताचं ऐकलं आणि वर्षभरातच तो दर कोसळला. उच्चायुक्ताच्या पदावर कायम नेमलेला पहिला भारतीय हा असा माणूस होता, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी.

आजची कचेरी म्हणजे ऑल्डविचचं ‘इंडिया हाउस’. मराठी वाचकाला हे नाव ऐकून सावरकर आठवतात, पण ते घर वेगळं. श्यामजी कृष्णवर्मांचं ते वसतिगृह उत्तर लंडनच्या हायगेटमध्ये होतं. ऑल्डविचची इमारत हर्बर्ट बेकरनं बांधली आणि ८ जुलै १९३० रोजी पाचव्या जॉर्जनं तिचं उद्घाटन केलं. महात्मा गांधी तेव्हा मिठाच्या सत्याग्रहापायी येरवड्याच्या तुरुंगात होते. बाहेरच्या भिंतीवर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांची रंगीत चिन्हं, आत जाळीचं काम, आणि घुमटाखाली चार बंगाली चित्रकारांनी रंगवलेली भित्तिचित्रं. साम्राज्यानं स्वतःच्या वैभवासाठी उभारलेली ही वास्तू १७ वर्षांत स्वतंत्र देशाची कचेरी झाली.

तिथले स्वतंत्र भारताचे पहिले उच्चायुक्त कृष्ण मेनन. प्रजासत्ताक झाल्यावरही भारतानं राष्ट्रकुलात कसं राहायचं, हा पेच एप्रिल १९४९च्या लंडन जाहीरनाम्यानं सुटला. त्याचा मसुदा जमवण्यात मेनन यांचा हात होता. काश्मीरच्या लढाईसाठी त्यांनी केलेल्या जीप खरेदीच्या व्यवहारानं मात्र त्यांचं नाव कायमचं वादात अडकलं.

१९५२मध्ये मेनन यांच्या जागी बाळासाहेब खेर आले. मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री, पेशानं सॉलिसिटर, आणि इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले. १९५३च्या जूनमध्ये दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, तेव्हा लंडनमध्ये भारताचे प्रतिनिधी हे साध्या राहणीचे गांधीवादी गृहस्थ होते. त्यांच्यानंतरच्या विजयालक्ष्मी पंडितही तुरुंग भोगलेल्या. ज्यांना कोठडीत टाकलं त्यांचंच आता मानानं स्वागत करायचं, हे ब्रिटिशांना काही वर्षांतच अंगवळणी पाडून घ्यावं लागलं.

या सगळ्यांत विलक्षण कारकीर्द अप्पासाहेब पंतांची. औंधच्या राजाचा हा मुलगा ऑक्सफर्डला शिकला, आणि गांधीजींच्या सल्ल्यानं औंध संस्थानानं गावकऱ्यांच्या हाती कारभार दिला तेव्हा त्या प्रयोगात पुढे होता. १९४८मध्ये नेहरूंनी त्यांना भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला धाडलं. केनिया तेव्हा वसाहत होती. पंतांनी जोमो केन्याटांसारख्या आफ्रिकी नेत्यांशी मैत्री केली. गोऱ्या सरकारच्या डोळ्यांत ते इतके सलले, की १९५४मध्ये त्यांना तिथून हलवावं लागलं. आणि १९६९मध्ये तेच पंत लंडनला उच्चायुक्त म्हणून हजर!

८ जानेवारी १९७२ला पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले बांगलादेशचे नेते शेख मुजीबुर रहमान अचानक लंडनला उतरले. क्लॅरिजेस हॉटेलात त्यांना भेटायला पंत गेले. ब्रिटननं बांगलादेशला अजून मान्यता दिली नव्हती. भारतानं महिन्यापूर्वीच दिली होती. दोन दिवसांनी ब्रिटिश हवाई दलाच्या विमानातून मुजीब दिल्लीला उतरले आणि तिथून ढाक्याला गेले.

जनता सरकारनं १९७७मध्ये नानासाहेब गोरे यांना पाठवलं. पुण्याचे माजी महापौर, समाजवादी नेते, आणि १९५५मध्ये गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेले. १९७९मध्ये सरकार पडलं आणि त्यांची लंडनमधली कारकीर्दही त्याच वर्षी संपली.

या कचेरीच्या इतिहासात रक्तही सांडलं आहे. फेब्रुवारी १९८४मध्ये बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयातले रवींद्र म्हात्रे मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी चालले होते. बसमधून उतरताच त्यांचं अपहरण झालं. अपहरणकर्त्यांना काश्मिरी फुटीरतावादी नेता मकबूल बटची सुटका हवी होती. म्हात्रेंची हत्या झाली, आणि काही दिवसांतच, ११ फेब्रुवारीला, बटला तिहारमध्ये फाशी देण्यात आली. पुण्यातल्या म्हात्रे पुलाला म्हात्रेंचंच नाव आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी अनेकांना ते कोण हे ठाऊक नसतं, याची खंत वाटते.

१९९७मध्ये कायदेपंडित लक्ष्मीमल्ल सिंघवी परतल्यापासून ही खुर्ची परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांकडे आहे. व्यापार, व्हिसा, विद्यार्थी, प्रत्यार्पण अशा गुंतागुंतीच्या कामांना मुरलेला अधिकारी लागतो, हे खरं. तरी खेर, पंत, गोरे यांच्यासारखी सार्वजनिक जीवनात स्वतःचं वजन असलेली माणसं तिथे दिसेनाशी झाली, हे नुकसानच आहे. आणि स्त्रियांच्या बाबतीत तर कमालच झाली: विजयालक्ष्मी पंडित १९६१मध्ये परतल्या, त्यानंतर दुसऱ्या महिला उच्चायुक्त रुची घनश्याम यांची नेमणूक व्हायला २०१८ उजाडलं.