मतं नेमकी कोणी खाल्ली? ५३७ मतांचा फरक आणि थोडं गणित

आजचा विषय अमेरिकेचा आहे, पण त्यातलं वाक्य आपल्या गल्लीतलंच आहे. "त्याने मतं खाल्ली." निकाल लागला की चहाच्या टपरीवर हे ऐकू येतंच. अमेरिकेत अशा उमेदवाराला 'स्पॉयलर' म्हणतात, म्हणजे खेळ बिघडवणारा. तिकडे डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोनच मोठे पक्ष. त्यामुळे तिसरा कोणी उभा राहिला की पहिला प्रश्न असतो, हा कोणाचं नुकसान करणार? आणि त्याला मत देणाऱ्यांना पुढची कित्येक वर्षं ऐकून घ्यावं लागतं, "तुमच्यामुळे तो निवडून आला."

हा आरोप कधी खरा असतो, कधी नुसता राग काढणं असतं. यातला फरक तपासता येतो आणि त्याला शाळेतलं गणित पुरतं. फोनवर कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, सुरू करूया.

फ्लोरिडा, २०००

आधी नियम. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक 'इलेक्टर' असतात, एकूण ५३८. जिंकायला २७० लागतात. जवळपास सगळ्या राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर.

२००० साली जॉर्ज डब्ल्यू. बुश विरुद्ध अल गोर अशी लढत होती. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं मिळाली. पण सगळं अडकलं फ्लोरिडावर, कारण तिथे २५ इलेक्टर होते. फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. शेवटी अधिकृत आकडा आला: बुश ५३७ मतांनी पुढे. सुमारे ६० लाख मतांत फक्त ५३७! बुश २७१ इलेक्टर घेऊन अध्यक्ष झाले.

याच फ्लोरिडात ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं होती. नेडर म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेसाठी कंपन्यांशी भांडलेला, ग्राहक चळवळीतला मोठा माणूस.

आता गणित. नेडर नसते, तर त्यांची सगळी मतं गोर यांना गेली असती का? नाही. मायकल हेरन आणि जेफ्री लुईस या दोन अभ्यासकांनी फ्लोरिडातल्या मतपत्रिकांवरून अंदाज काढला, की साधारण ६० टक्के गोर यांच्याकडे आणि ४० टक्के बुश यांच्याकडे गेली असती. म्हणजे दर शंभरामागे गोर यांचा निव्वळ फायदा २० मतांचा. ९७,४८८ चे २० टक्के म्हणजे साडेएकोणीस हजार. समजा, तीनातला एक नेडर-मतदार घरीच बसला असता, तरी १३ हजार उरतात. गरज होती ५३८ ची.

म्हणजे इथे आरोप गणितात टिकतो. नेडर नसते, तर गोर जिंकण्याची शक्यता खूपच जास्त होती.

पण थांबा. बुश आणि गोर सोडून फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर आठ उमेदवार होते, आणि त्या आठही जणांना ५३७ पेक्षा जास्त मतं आहेत. सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचे जेम्स हॅरिस, ज्यांचं नाव आज कोणाला आठवत नाही, त्यांनाही ५६२. शिवाय पाम बीच काउंटीत मतपत्रिकेची रचनाच इतकी गोंधळाची होती, की गोर यांना द्यायची बरीच मतं चुकून पॅट ब्युकॅनन यांना गेली. फरक इतका बारीक असला की प्रत्येक छोटी गोष्ट निकाल फिरवू शकते. नेडर हे एक कारण होतं. एकमेव कारण नव्हतं.

२०१६: आकडा मोठा, पुरावा कच्चा

आता दुसरी केस. २०१६ ला हिलरी क्लिंटन हरल्या आणि पुन्हा ग्रीन पार्टीवर खापर फुटलं. उमेदवार होत्या जिल स्टाइन. लोक काय दाखवत होते? मिशिगन, विस्कॉन्सिन, पेन्सिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांत स्टाइन यांची मतं ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त आहेत. हे खरंच आहे. पण पुढची पायरी कोणी करत नाही.

मिशिगन: फरक १०,७०४, स्टाइन यांना ५१,४६३. दर शंभर स्टाइन-मतांमागे क्लिंटन यांना निव्वळ २१ मतं हवी होती. शक्य आहे.

विस्कॉन्सिन: फरक २२,७४८, स्टाइन यांना ३१,०७२. शंभरामागे निव्वळ ७३ हवीत. म्हणजे सगळ्यांनी मतदान केलं असतं तरी ८७ विरुद्ध १३ अशी विभागणी लागली असती. अवघड.

पेन्सिल्व्हेनिया: फरक ४४,२९२, स्टाइन यांना ४९,९४१. शंभरामागे निव्वळ ८९. जवळपास अशक्य.

आणि क्लिंटन यांना तिन्ही राज्यं लागत होती, दोन मिळून काम होत नव्हतं. वर याच तिन्ही राज्यांत लिबर्टेरियन पार्टीच्या गॅरी जॉन्सन यांना स्टाइन यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मतं होती. एकाला गणितातून वगळायचं आणि दुसऱ्याला ठेवायचं, असं कसं चालेल?

म्हणून लक्षात ठेवा, "तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त" एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तीन प्रश्न विचारायचे. एक, तो नसता तर किती जण मतदानालाच आले नसते? दोन, आलेल्यांची दोघांत विभागणी कशी झाली असती? तीन, बाकीचे छोटे उमेदवार कुठे गेले?

रॉस पेरो यांचं उदाहरण घ्या. १९९२ ला त्यांना देशभरात जवळपास १९ टक्के मतं मिळाली, इलेक्टर मात्र शून्य. त्यांनी थोरल्या बुशना पाडलं असं आजही ऐकू येतं. पण मतदान केंद्राबाहेरच्या सर्व्हेत त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती क्लिंटन आणि बुश यांच्यात जवळपास समसमान निघाली होती.

बग कुठे आहे?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हा प्रकार फॉर्मच्या चुकीसारखा दिसतो. मतपत्रिका तुम्हाला एकच गोष्ट विचारते: पहिली पसंती कोण? दुसरी पसंती भरायला जागाच नाही. मग मतदाराला मनातल्या मनात हिशोब करावा लागतो, की आवडत्याला देऊ की जिंकू शकणाऱ्याला? फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे यांनी गेल्या शतकाच्या मध्यात हेच मांडलं होतं. सर्वाधिक मतं तोच विजेता, असा नियम असला की हळूहळू दोनच पक्ष उरतात.

मेन या राज्याने फॉर्म बदलला. तिथे २०१० मध्ये गव्हर्नर ३८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन निवडून आले होते. २०१६ च्या जनमतात लोकांनी पसंतीक्रम मतदान स्वीकारलं. तुम्ही १, २, ३ असे क्रम देता. कोणालाच निम्म्याहून जास्त नसतील, तर तळातला उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात. २०१८ ला काँग्रेसच्या एका जागेवर रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पहिल्या फेरीत सुमारे दोन हजारांनी पुढे होते. दोन अपक्षांची मतं वाटली गेल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन सुमारे साडेतीन हजारांनी जिंकले. अपक्षाला मत देणाऱ्यांना ना आवड सोडावी लागली, ना शिव्या खाव्या लागल्या.

हा रामबाण उपाय आहे का? नाही. २०२२ च्या अलास्का पोटनिवडणुकीत हीच पद्धत होती. निक बेगिच समोरासमोर दोघांपैकी कोणालाही हरवू शकले असते असं मतपत्रिकांवरून दिसतं. पण ते तिसरे आले म्हणून आधीच बाद झाले आणि मेरी पेल्टोला जिंकल्या. सारा पेलिन नसत्या, तर बेगिच आले असते. स्पॉयलर इथेही आहे, फक्त कमी वेळा दिसतो.

मग मत द्यायचं कोणाला?

मला असं वाटतं: मत ही कोणत्याही पक्षाची जहागीर नाही. "आमची मतं खाल्ली" म्हणताना ती मतं आधीपासून आपलीच होती असं गृहीत धरलेलं असतं. पण परिणाम असतो हेही खरं. टेक्ससमध्ये नेडरना मत देणाऱ्याने निकालात काडीचा फरक पाडला नाही, फ्लोरिडातल्याने पाडला. माणूस तसाच, मत तेच, जागा वेगळी. २००० मध्ये काहींनी यावर जुगाडही काढला होता. चुरशीच्या राज्यातला नेडर-समर्थक आणि एकतर्फी राज्यातला गोर-समर्थक यांना मतांची अदलाबदल करता यावी म्हणून वेबसाइट निघाल्या. कॅलिफोर्नियात त्यांना कारवाईची धमकी मिळाली. २००७ मध्ये कोर्टाने सांगितलं की अशी अदलाबदल हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी "अमक्याने मतं खाल्ली" असा स्क्रीनशॉट टाकला, की भांडू नका. फरक किती, तिसऱ्याची मतं किती, एवढं विचारा आणि भागाकार करा. शंभरामागे निव्वळ एक मत लागत असेल तर आरोपात दम आहे. नव्वद लागत असतील, तर हरण्याचं कारण दुसरीकडे शोधायला सांगा.

तुमच्याकडे अशी एखादी निवडणूक असेल तर आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात मिळून गणित करू. भेटूया!