एका शोधनिबंधाचे मोल : डॉ. वकील आणि सर्पगंधा

एखाद्या कल्पाचे माहितीपत्रक असो वा परिषदेतील वक्त्याचा परिचय असो, 'शताधिक शोधनिबंध प्रसिद्ध' हे वाक्य त्यात हटकून आढळते. त्याच्या जोडीला आता उद्धरणसंख्या आणि 'एच-निर्देशांक' हेही आले आहेत. हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचा विचार वैद्य व औषधालयचालक या दोघांनीही करणे अगत्याचे आहे. त्यासाठी मुंबईतीलच एका संशोधकाचे उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सहा पानांचा निबंध

डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे मुंबईतील ख्यातनाम हृद्रोगतज्ज्ञ. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा अवघ्या सहा पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा दिल्यानंतर काय आढळले, याचा तो पद्धतशीर वृत्तांत होता. त्याची दखल घेऊन अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधेचा वापर सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्या मुळातून रिसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठित लास्कर पुरस्कार लाभला.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या वेळी उद्धरणे मोजण्याची व्यवस्थाच नव्हती. युजीन गारफिल्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची १९६४ पासून नियमित निघू लागली, तर एच-निर्देशांक हा भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचविला. ज्याचे २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झाले, त्याचा निर्देशांक २०. या हिशेबात एकच निबंध सहस्रावधी वेळा उद्धृत झाला, तरी केवळ त्याच्या बळावर निर्देशांक १ च्या पुढे सरकत नाही!

त्याआधीची १८ वर्षे

तथापि, कथेचा आरंभ १९४९ मध्ये नाही. १९३१ साली कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये उन्माद व उच्च रक्तदाब यांवर सर्पगंधेची उपयुक्तता मांडली होती. 'प्रत्यक्षशारीरम्'चे कर्ते म्हणून गणनाथ सेन आपल्या सर्वांस परिचित आहेतच. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी या मुळातील अल्कलॉइडे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. त्याही पूर्वी बिहारात ही वनस्पती 'पागल की दवा' म्हणून लोकांना ठाऊक होती.

म्हणजे ज्ञान होते, ते लिहिलेही गेले होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्याकडे वेधले गेले ते १८ वर्षांनंतर, त्यांच्या नित्य वाचनातील नियतकालिकातून. उद्धरणसंख्या ज्ञानाचा उगम दाखवीत नाही. ते कोणाच्या दृष्टीस पडले, एवढेच दाखविते. शिवाय एखादा शोध पाठ्यपुस्तकात रुळला, की मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरजही कोणास भासत नाही.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची. उद्धरण म्हणजे संमती नव्हे. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता आढळल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातच प्रसिद्ध होऊ लागल्या. औषधाचा गुण सांगण्यासाठी केलेला उल्लेख आणि दोष दाखविण्यासाठी केलेला उल्लेख, दोन्ही मोजणीत सारखेच धरले जातात.

आपण काय करावे?

आप्तोपदेश हे आपल्या शास्त्राने प्रमाण मानले आहे; परंतु वारंवार नाव घेतले गेल्याने कोणी आप्त ठरत नाही. औषधालयचालकांसमोर 'संशोधनसिद्ध' म्हणून कल्प येईल, तेव्हा निबंधांची संख्या न पाहता एक निबंध मागवून वाचावा. वनस्पतीची ओळख कोणी निश्चित केली? कोणते अंग, कोणत्या मात्रेत, किती रुग्णांना दिले? तुलनेसाठी दुसरा गट होता काय? उपद्रवांची नोंद आहे काय? शुल्क भरताच, परीक्षणावाचून काहीही छापणारी नियतकालिके आज उदंड झाली आहेत. त्यांतील शंभर निबंधांनी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आणि वैद्यबंधू-भगिनींनो, आपल्या रुग्णनोंदवह्यांचे काय? वर्षानुवर्षांचा अनुभव चिकित्सालयाच्या कपाटातच राहिला, तर तो उद्धृत होणे दूरच, पुढच्या पिढीला तो तपासताही येणार नाही. प्रत्येकाने शंभर निबंध लिहावेत असे आमचे म्हणणे नाही. एकाच व्याधीचे, एकाच कल्पाचे ५० रुग्ण. गुण आला त्यांची आणि न आला त्यांचीही प्रामाणिक नोंद. आणि ती तज्ज्ञांच्या परीक्षणास सादर करण्याचे धैर्य — एवढे पुरे आहे. डॉ. वकील यांनी सहा पानांत याहून अधिक काही मांडले नव्हते.