पहिली कुंडी सक्युलंटची

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत कष्टकऱ्यांच्या दोन मोठ्या वसाहती आहेत. विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांचे गोदूताई परुळेकर नगर २००६ मध्ये उभे राहिले. पुढे तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. अशा आटोपशीर घरात बाग करायला जागा नसते, पण खिडकीच्या कठड्यावर दोन कुंड्या नक्की मावतात. जिल्ह्याची पावसाची सरासरी साधारण ५४५ मिलिमीटर आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. या हवेत कुंडीत लावायला सक्युलंटसारखी दुसरी झाडे नाहीत. पान, खोड किंवा मुळात पाणी साठवणाऱ्या या वनस्पती इथल्या माळरानाला परक्या नाहीत. कोरफड, शेर, घायपात, पानफुटी आणि फड्या निवडुंग आपण लहानपणापासून बघत आलो आहोत.

या झाडांची रीत समजली की त्यांची निगा सोपी होते. मद्रासकडे काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारी बेचव. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. त्याचे कारण पुढे कळले. इतर झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडतात, ही झाडे रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवसा छिद्रे मिटून उन्हाच्या जोरावर त्याचे अन्न करायचे, असा त्यांचा क्रम आहे. त्यामुळे भर उन्हात त्यांचे पाणी फारसे उडून जात नाही. अशा झाडाला रोज तांब्याभर पाणी घातले की त्याची मुळे कुजतात. नवशिक्यांची बहुतेक सक्युलंट पाण्यावाचून मरत नाहीत, जास्त पाण्याने मरतात.

सुरुवात करायला कोरफड, पानफुटी, स्नेक प्लांट, जेड किंवा अडेनियम घ्यावे. गुलाबाच्या आकाराची एचेव्हेरिया देखणी असते, पण ती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. मे महिन्यातल्या आपल्या गरम रात्री तिला सोसत नाहीत. हिरव्या दांड्यावर लाल गोळा बसवलेला निवडुंग बाजारात हमखास दिसतो. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते, म्हणून तो दुसऱ्या निवडुंगावर कलम केलेला असतो. खालचा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा असतो. असे कलम फार वर्षे टिकत नाही, म्हणून पहिल्या खरेदीत ते नको.

रोप घरी आणल्यावर माती तपासा. रोपवाटिकेतली रोपे बहुधा कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात. ते ओले झाले की बराच काळ ओलेच राहते. आपली काळी माती तर याहून चिकट. म्हणून एक भाग माती व कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे असे मिश्रण करावे. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली आणि रोपाच्या मुळांपेक्षा बोटभरच मोठी असावी. रोप बदलल्यावर चार-पाच दिवस पाणी देऊ नये. तेवढ्यात मुळांच्या जखमा भरतात.

पाणी वार ठरवून देऊ नका. कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत खुपसा. ती कोरडी निघाली तरच पाणी द्या, आणि मग तळातून वाहून जाईपर्यंत द्या. बशीत साचलेले पाणी ओतून टाका. साधारणपणे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आणि हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरते. पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवली तरी कित्येक दिवस पाण्याची गरज पडत नाही. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरा थर चढतो. अशा वेळी पावसाचे साठवलेले पाणी वापरावे.

या झाडांना ऊन हवे, पण नव्या रोपाला एकदम नको. रोपवाटिकेच्या सावलीतून आलेले रोप थेट गच्चीत ठेवले तर पानांवर भाजल्याचे डाग पडतात, आणि ते डाग पुन्हा जात नाहीत. आधी पूर्वेच्या खिडकीत कोवळे ऊन द्या आणि दोन-तीन आठवड्यांत वेळ वाढवत न्या. मार्चनंतर दुपारी हिरव्या जाळीची सावली करा. प्रकाश कमी पडला तर रोप उंच, बारीक होते आणि खिडकीकडे झुकते.

पाने बघून झाडाची तब्येत कळते. खालची पाने सुरकुतली तर झाड तहानलेले आहे. पाने पिवळी, पारदर्शक, लिबलिबीत झाली तर पाणी जास्त झाले. बुंधा काळा पडला तर वरचा निरोगी शेंडा कापून सावलीत तीन-चार दिवस सुकवा आणि कोरड्या मिश्रणात लावा. तो पुन्हा मुळे धरतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढावा आणि ती कुंडी इतरांपासून दूर ठेवावी.

दोन गोष्टी घरात सर्वांना सांगून ठेवा. शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून शेराची छाटणी करताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. पानफुटी शेळ्या-गुरांना विषारी आहे, म्हणून तिची कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी.

दिवाळी हा सुरुवात करायला चांगला काळ आहे. पाऊस सरलेला असतो आणि कडक उन्हाळ्याला अजून चार महिने असतात, तेवढ्यात रोप मुळे धरते. या दिवाळीत एखादी कुंडी आणा, आणि ती रुजली की पानफुटीचे एक पान शेजारच्या घरी द्या. मातीवर नुसते टेकवले तरी त्याच्या कडेला नवी रोपे फुटतात.